गाडी कुठवर आली?

आमच्या धंद्यात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "गाडी कुठवर आली?" आणि सगळ्यात जास्त वेळा दिलं जाणारं खोटं उत्तर म्हणजे "आलीच, पनवेल सोडलं." 1996 साली कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायला बसले, तेव्हा ड्रायव्हर ढाब्यावरच्या एसटीडीवरून फोन करायचा. तो म्हणेल तिथं गाडी आहे असं धरून आम्ही पार्टीला, म्हणजे ज्याचा माल त्याला, सांगायचो. आता गाडीत जीपीएस आहे. पार्टीच्या मोबाइलवर ठिपका दिसतो, आणि तो तीन तास एकाच जागी आहे हेही दिसतं, त्यामुळे फोन पूर्वीपेक्षा जास्त येतात. आज माझ्या नावावर सहा गाड्या आहेत आणि फोन मीच उचलते. रस्त्यावरच्या कोंडीबद्दल विचारा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं पुष्कळ आली. जमली तेवढी घेते.

प्रश्न : आमची द्राक्षं पिंपळगाव बसवंतहून न्हावा शेवा बंदराला जातात. फेब्रुवारीत कंटेनर भिवंडीच्या अलीकडे पाच तास अडकला, कटऑफ (बंदराचं गेट बंद व्हायची वेळ) चुकला आणि बोट गेली. ट्रान्सपोर्टवाले म्हणतात, "पाचच तास तर उशीर झाला." हे नुकसान मोजायचं कसं?
— द्राक्ष निर्यातदार, निफाड तालुका

दादा, गाडीला पाच तास उशीर झाला. मालाला सात दिवस झाला. बहुतेक बोटी आठवड्याच्या फेरीवर असतात. एसटी पाच मिनिटांनी चुकली तरी पुढची दोन तासांनीच येते ना, तसंच हे. कोंडीचं नुकसान तासागणिक थोडंथोडं वाढत नाही. कटऑफपर्यंत ते जवळजवळ शून्य असतं. गाडी तीन तास अडकली काय नि चार तास, गेट उघडं असेल तर कुणाचं काही जात नाही, एक ड्रायव्हरची झोप सोडली तर. गेट बंद झालं की मात्र सगळी बिलं एकदम उभी राहतात. रीफरला, म्हणजे थंड कंटेनरला, वीज लावून ठेवायचं भाडं, ट्रेलरचं हॉल्टिंग (नुसतं उभं राहण्याचे पैसे), रस्त्यात चाललेल्या जनरेटरचं डिझेल आणि तिकडच्या खरेदीदाराचा रिकामा राहिलेला आठवडा. मंडईत आठवड्यात भाव कुठल्या कुठे जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्याशी तासांवर भांडू नका. ही चार बिलं मांडा आणि बोला.

मालाची काळजी मात्र थोडी कमी करा. प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) नीट झालेलं असेल आणि जनरेटर चालू असेल, तर शून्य-एक अंशावरची द्राक्षं पाच तासांच्या कोंडीनं मरत नाहीत. ती मरतात जनरेटरचं डिझेल संपल्यावर. गाडी सुटताना ट्रकची टाकी सगळे बघतात, जनरेटरची कुणी बघत नाही. तासाला दोन-तीन लिटर धरा आणि दुप्पट वेळेचं भरा.

आता वेळ कशी धरायची ते. तुम्ही बहुधा "नाशिक ते बंदर आठ तास" असं सरासरीवर धरता. सरासरी विसरा. गेल्या हंगामातल्या वीस फेऱ्यांचे तास एका कागदावर लिहून काढा. सहा, साडेसहा, आठ, नऊ, मग एखादा बारा, एखादा चौदा असे आकडे निघतील. त्यातला सगळ्यात वाईट आकडा बाजूला ठेवा, कारण त्या दिवशी कुठेतरी टँकर उलटलेला असणार. त्याच्या खालचा धरा आणि गाडी त्या हिशेबानं सोडा. अठरा वेळा ती लवकर पोचेल आणि बंदराच्या पार्किंग प्लाझात उभी राहील. राहू दे. चार तास उभं राहणं स्वस्त पडतं.

"समृद्धीवरून गेलं तर?" असंही तुम्ही पुढे विचारलंय. इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. त्यानं कसाऱ्याचा घाट वाचला, आणि हे काही थोडं नाही. पण आमण्याला खाली उतरलात की पुढे तीच भिवंडी, तोच मुंब्रा बायपास, तोच शीळफाटा. नळाचा वरचा पाइप मोठा केला आणि तोटी तीच ठेवली, तर बादली लवकर भरत नाही.

तोटीवरून आठवलं. 2018 च्या उन्हाळ्यात मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद झाला तो पावसाळ्याच्या शेवटापर्यंत. बंदरातून भिवंडीला जाणारे सगळे ट्रेलर ऐरोली, ठाणे असे वळवले होते. माझ्या ऑफिसच्या भिंतीवर तेव्हा फळा होता आणि मी खडूनं गाडीपुढे सुटायची वेळ लिहायची. जूनमध्ये मी वेळ लिहायचं सोडून दिलं. नुसता वार लिहायची.

आणि एक. "रात्री निघा, रस्ता मोकळा असतो," हा सल्ला सगळेच देतात. ठाण्यात अवजड गाड्यांना दिवसा मोजकेच तास मोकळीक असते, खरी सुटका रात्री दहानंतर. म्हणून काय होतं ते एकदा पडघ्यापासून पुढे येऊन बघा. साडेनऊला रस्त्याच्या कडेनं गाड्यांची रांग लागलेली असते. चाकाखाली दगड लावलेले, क्लीनर बोनेटवर डबा खात बसलेला, कुणी टायर ठोकून बघतोय. दहा वाजले की दगड निघतात आणि सगळी इंजिनं एका दमात सुरू होतात. साडेदहाला ठाण्याच्या माजिवड्याला मुंगीला वाट नसते. बंदी उठते तेव्हा शर्यत सुटते, रस्ता मोकळा होत नाही. माझ्या गाड्या तो भाग दोन ते चारच्या मध्ये ओलांडतात. ड्रायव्हर आधी ढाब्यावर जेवून झोपतो, मग निघतो.

प्रश्न : मी कॉमर्सला आहे, वाहतूक कोंडीवर प्रकल्प करतोय. कोंडीत मालवाहतुकीचा मुख्य तोटा वाया जाणाऱ्या डिझेलचाच ना?
— विद्यार्थी, सांगली

नाही रे बाबा. डिझेल डोळ्यांना दिसतं म्हणून सगळे तेच लिहितात. वही काढ आणि माझ्याबरोबर हिशेब कर. समज, एक दहाचाकी गाडी आहे. महिन्याचा हप्ता 48,000. विमा, टॅक्स, फिटनेस, परमिट यांचा महिन्याचा वाटा 9,000. ड्रायव्हरचा पगार 18,000. झाले 75,000. गाडी चालो वा न चालो, हे द्यायचेच. रस्ता बरा असला तर महिन्यात वीस खेपा होतात, म्हणजे खेपेला 3,750. कोंडीमुळे पंधराच झाल्या तर खेपेला 5,000. प्रत्येक खेपेवर साडेबाराशेचा फरक पडला आणि अजून आपण डिझेलचा एक थेंबही मोजलेला नाही. भाडं मात्र तेवढंच राहतं, कारण बाजारात पार्टी भाडं किलोमीटरवर आणि टनावर ठरवते, तासावर नाही. प्रकल्पात दुसरं काही लिहिलं नाहीस तरी एवढं लिही.

डिझेलचंही एक सांगते. गाडी ठार उभी राहिली तर शहाणा ड्रायव्हर इंजिन बंद करतो. खरा घात सरपटत जाणाऱ्या रांगेत होतो. दहा फूट पुढे, ब्रेक, पुन्हा दहा फूट. भरलेली गाडी घेऊन बोरघाटाच्या चढाला तास-दीड तास असं कर, खंडाळ्याला पोचेपर्यंत क्लच प्लेटचा जळका वास केबिनमध्ये येतो. हा वास ज्यानं घेतलाय त्याला तोट्याची व्याख्या विचारावी लागत नाही. क्लचचं बिल दोन महिन्यांनी गॅरेजात येतं आणि तोवर त्याचा कोंडीशी संबंध सगळे विसरलेले असतात.

प्रश्न : आम्ही सोलापूरहून टॉवेल भिवंडीच्या गोदामात पाठवतो. मागच्या खेपेला गाडी वाटेत एक दिवस अडकली, मग गोदामाबाहेर एक दिवस उभी राहिली. ट्रान्सपोर्टर दोन्ही दिवसांचं हॉल्टिंग मागतोय. द्यावं का?
— टॉवेल उत्पादक, सोलापूर

गेटवरच्या दिवसाचं द्या, तेही फुकटची मुदत उलटली असेल तर. रिवाज असा की रस्ता ट्रान्सपोर्टरचा आणि गेट पार्टीचं. वाटेत अडकली तर तो त्याच्या धंद्यातला धोका. गेटवर पोचल्यानंतर ठरलेली मुदत, बहुतेक ठिकाणी चोवीस तास, उलटली की हॉल्टिंग लागू. भांडणं होतात, कारण हे कुणी लिहून ठेवत नाही. बिल्टीवर दोन ओळी छापून घ्या, किती तास फुकट आणि पुढे दिवसाला किती.

पण खरी मेख पुढेच आहे. गाडी गेटवर कधी पोचली हे सिद्ध कसं करणार? माझ्या बाबतीत घडलेलं सांगते, गोदामाचं नाव नको. भिवंडीजवळच्या राहनाळच्या गल्लीत, भर जुलै, माझी गाडी सोमवारी सकाळी गेटला लागली. वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीवर, रजिस्टर त्याच्याच मांडीवर पिशवीत गुंडाळलेलं. तो म्हणाला, "आत घेतल्यावरच एंट्री." म्हणजे गाडी बाहेर रस्त्यावर उभी आहे तोवर त्यांच्या लेखी ती आलेलीच नाही. मंगळवारी दुपारी डॉक (उतराईचा ओटा) मोकळा झाला, गाडी आत गेली, रजिस्टरला मंगळवार दुपार पडली. हमालांनी दोन तासांत माल उतरवला. पोचवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, वेळा बघाल तर दोन तासांत काम फत्ते! एकतीस तास गाडी कुठे होती? कुठेच नाही. हॉल्टिंगचा एक रुपया मिळाला नाही, वर वाराई (माल उतरवायची हमाली) आम्हीच भरली.

तेव्हापासून माझा नियम आहे. गेटला लागल्याबरोबर ड्रायव्हरनं गाडीचा नंबर आणि गेटची पाटी एका फोटोत येईल असा फोटो काढायचा आणि मला, पार्टीला, गोदामाला एकदमच पाठवायचा. तुम्हीही तुमच्या ट्रान्सपोर्टरकडे हा फोटो मागा. नसेल तर नम्रपणे अर्ध्याच दिवसाचं द्या.

आणखी एक, तुमच्या प्रश्नात नसलेलं. त्या गल्लीत माझ्या गाडीमागे तशाच अकरा गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यामुळे मागचा रस्ता तुंबला होता आणि त्या तुंबलेल्या रस्त्यात आणखी कुणाकुणाच्या गाड्या अडकल्या होत्या. तुम्ही ज्याला वाटेतला दिवस म्हणता, तो दुसऱ्या कुठल्यातरी गोदामाच्या गेटवरचाच दिवस असतो. निम्मी कोंडी रस्त्यात तयारच होत नाही, असं माझं तीस वर्षांचं मत आहे.

प्रश्न : चाकणच्या मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो. माल वेळेत नाही गेला तर उत्पादनाची लाइन थांबल्याचा दंड लावतात. भोसरीहून अंतर जेमतेम, पण वेळेची खात्री नाही. काय करावं?
— लघुउद्योजक, भोसरी

चाकणच्या तळेगाव चौकात दोन रस्ते एकमेकांना कापतात, पुणे–नाशिक आणि तळेगाव–चाकण–शिक्रापूर. तुमचा टेम्पो तिथं ज्या ट्रेलरच्या मागे उभा असतो, त्याचं चाकणला काही कामच नसतं. तो बंदराकडून येतो आणि रांजणगाव किंवा अहिल्यानगरकडे चाललेला असतो. म्हणजे परगावचा पाहुणा तुमच्या ओसरीवर झोपलाय.

कारखान्यांनी साठा ठेवायचं बंद केलं. दोन-चार तासांपुरता माल लाइनपाशी, बाकीचा वाटेवर. हिशेब कागदावर सुंदर दिसतो. प्रत्यक्षात गोदाम गेलं कुठे? रस्त्यावर आलं. महाळुंग्याच्या बाजूला कंपन्यांच्या भिंतीलगत टेम्पो लागलेले असतात ना, ते फिरतं गोदामच. त्याचं भाडं तुम्ही देता आणि जागा सगळ्यांची अडते. दंडाच्या भीतीनं तुम्ही टेम्पो दोन तास आधी सोडता, तो दोन तास गेटबाहेर रस्ता अडवून उभा राहतो, त्याच्यामुळे मागच्याला उशीर होतो, मग तो उद्या तीन तास आधी सोडतो. वहीत लिहून ठेवा, हे असंच वाढत जाणार आहे.

करण्यासारखं एक आहे. चौकाच्या पलीकडे, कंपनीच्या बाजूला, तुमच्यासारख्या तिघा-चौघांनी मिळून एक छोटं शेड घ्या. एका दिवसाचा माल तिथं ठेवा. भोसरीहून भरणा रात्री, लाइनला पुरवठा दिवसा तिथून. शेडचं भाडं आणि वर्षभरातला दंड शेजारी-शेजारी लिहून बघा. कंपनीच्या खरेदी विभागाला हा कागद दाखवून भाड्यातला वाटा मागा. देतीलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर कधीच देत नाहीत.

प्रश्न : घाटात गाडी अडकली आणि ई-वे बिलाची मुदत संपली. दंड होतो का?
— पुरवठादार, छत्रपती संभाजीनगर

ई-वे बिल म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. त्याची मुदत वाढवली नाही तर गाडी पकडल्यावर त्रास होतो, आणि मोठा होतो. 1 जानेवारी 2021 पासून 200 किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे, त्याआधी 100 ला एक होता. म्हणजे सरकारनं धरलेला वेग दुप्पट झाला, रस्त्यावरचा झाला की नाही ते तुम्हीच बघा. मुदत संपण्याआधीच्या आठ तासांत किंवा संपल्यानंतरच्या आठ तासांत ट्रान्सपोर्टरला ती पोर्टलवर वाढवता येते. गाडी आत्ता कुठे आहे, किती किलोमीटर उरलेत आणि कारण काय, एवढं भरायचं. अडचण अशी की मुदत मध्यरात्री संपते आणि ज्याच्याकडे लॉगिन असतं तो मुनीम तेव्हा झोपलेला असतो. आमच्याकडे संध्याकाळी सातला सगळ्या चालू गाड्यांची बिलं तपासायचं काम आहे. ते मीच करते, चहा पिता पिता.

प्रश्न : ओतूरहून माळशेजमार्गे कोथिंबीर वाशीला पाठवतो. गाडी तासभर उशिरा गेली तर भाव निम्मा मिळतो. व्यापारी फसवतो की काय?
— शेतकरी, जुन्नर तालुका

व्यापाऱ्याची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण इथे तो बहुधा खरं बोलतोय. भाजीपाल्याचा मोठा व्यवहार पहाटेच उरकतो. मुंबईतल्या भाजीवाल्याला उजाडायच्या आत टेम्पो भरून आपल्या ओट्यावर पोचायचं असतं. तो गेला की मागून आलेल्या जुडीला गिऱ्हाईक उरत नाही, कितीही हिरवी असो. तुमची वाट अडते घाटात नव्हे, काटई नाक्यापासून शीळफाट्यापर्यंत. तेव्हा काढणी दोन तास अलीकडे आणता येते का ते बघा. गावातून टेम्पो भरायला जो वेळ जातो तो मोजा. पाच वाड्यांवर थांबत, प्रत्येक ठिकाणी "दोन मिनिटं, जुड्या बांधून होतायत" ऐकत टेम्पो निघतो आणि दोष शीळफाट्याला लागतो. एका जागी माल गोळा करा. तेवढ्यानंही बराच वेळ सुटेल.

प्रश्न : माझे मालक, म्हणजे नवरा, ट्रेलर चालवतात. कोंडीत दोन-दोन रात्री गाडीत काढतात, जेवणाचे पैसे स्वतःचे जातात, शेठ म्हणतो उशीर केलास. याला काही कायदा आहे का?
— एक गृहिणी, पाथर्डी तालुका

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कायदा आहे. मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 मध्येच कायदा झाला आणि त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास अशी मर्यादा घातली. पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती, असंही त्यात होतं. नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा नव्या कामगार संहितेत सामावला. तुम्ही हे वाचून हसाल, आणि हसणं बरोबरच आहे. लांब पल्ल्याच्या बहुतेक ड्रायव्हरांना पगार थोडा आणि खेपेवर भत्ता जास्त मिळतो. खेपा कमी झाल्या की भत्ता आपोआप कापला जातो, कुणी कापला असं दिसतही नाही. वरच्या सगळ्या उत्तरांत मी शेठ, व्यापारी, कारखानदार यांना कोंडीचा खर्च पुढे कसा ढकलायचा ते सांगितलं. तो ढकलत ढकलत तुमच्या मालकांच्या जेवणापर्यंत येतो, कारण त्यांच्यापुढे ढकलायला कुणी नाही.

मीही काही वेगळी नव्हते. नवी असताना एका ड्रायव्हरला मी याच फोनवर वाट्टेल ते बोलले होते. गाडी शीळफाट्याला नऊ तास उभी. पुढच्या खेपेला तो ऑफिसात आला आणि काही न बोलता माझ्या टेबलावर पाण्याची दोन लिटरची रिकामी बाटली ठेवली. म्हणाला, "बाई, एवढ्यावर काढले नऊ तास. गाडी सोडून पाणी आणायला गेलो असतो तर मागच्यानं हॉर्न नाही, शिव्या दिल्या असत्या."

कायद्याचं लांब आहे, जवळचं सांगते. मालकांना सांगा, प्रत्येक खेपेला कुठे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत अडकले ते वहीत लिहा, जमलं तर फोटोसह. शेठला पार्टीकडून हॉल्टिंग मिळालं असेल तर त्यातला ड्रायव्हरचा भाग मागा. तो मागायचा रिवाज आहे, लाजू नका. शेठ म्हणाला "मिळालंच नाही", तर पोच दाखवा म्हणा. आमच्याकडे आता अडकलेल्या रात्रीचे 300 रुपये ड्रायव्हरला वेगळे मिळतात, पार्टीनं दिले काय किंवा न दिले काय. गेल्या महिन्यात अशा सतरा रात्री निघाल्या. सहा गाड्यांच्या मिळून.